कल्हईविना गेलेले वर्ष

टण्ण.

भर दुपारची वेळ. आळीतली कुत्रीसुद्धा फणसाखाली पाय पसरून निजली होती. उंदराने फळीवरची पळी ढकलली आणि ती नेमकी माझ्या काठावर येऊन पडली. चुलीपाशी सगुणा तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपात तसाच थांबला. तिने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. काल सकाळपासून तिचे असेच चालले आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तपेली आहे. चार वर्षे माळ्यावर पालथी पडून होते, काल खाली आले. इतक्या दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकला, म्हणून तुमच्याशी थोडे बोलावेसे वाटते. तुम्ही म्हणाल, तपेलीला कसले बोलणे? खरे आहे. कोणी ठोकल्याशिवाय मला आवाज फुटत नाही. तेवढाच माझा दोष असता तर बरे झाले असते.

माझा जन्म चिपळूणच्या बाजारात, एका तांबटाच्या दुकानी झाला. एकोणीसशे बावीस सालची गोष्ट. पितळेचा एक पिवळाधमक पत्रा होते मी. तांबटाने मला तापवले, ठोकले, पुन्हा तापवले, पुन्हा ठोकले. माझ्या अंगावर त्याच्या हातोडीचे बारीक बारीक ठसे अजून आहेत. आंजर्ल्याचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले होते. त्यांनी मला उचलले, उलटे करून बोटाने वाजवले आणि म्हणाले, "ही द्या. हिचा आवाज माझ्या सगुणासारखा आहे." तांबट हसला आणि त्याने माझ्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तिचे नाव कोरले. ते नाव घेऊन मी सगुणाबरोबर सासरी रत्नागिरीला आले.

सगुणाचे यजमान आत्माराम बंदरावरच्या जकात कचेरीत कारकून. घर बंदराच्या वाटेवर, साधे कौलारू, पुढे ओटी आणि मागे विहीर. घरात वडीलधारे कोणी नव्हते. सतरा वर्षांची सगुणा आणि मी, दोघींनी मिळून तो संसार उभा केला असे मी म्हटले तर कोणी मला हसू नये. सकाळी माझ्यात पेज शिजे. दुपारी कधी वरण, कधी कुळथाचे पिठले. चिमा झाली तेव्हा तिच्या अंघोळीचे पाणी सुईणीने माझ्यातच तापवले.

आणि वर्षातून दोनदा माझा सण असे. कार्तिकात एकदा आणि चैत्रात एकदा, देशावरचा बाबालाल कल्हईवाला घाट उतरून येई. मागच्या अंगणात फणसाखाली तो खड्डा खणी, भाता लावी. मला निखाऱ्यावर लालबुंद तापवून तो आत नवसागर टाकी. पांढरा धूर उठे, मुले खोकत लांब पळत आणि पुन्हा जवळ येत. मग कथलाची कांडी माझ्या पोटात फिरवून तो कापसाच्या बोळ्याने भराभर पुशी. बघता बघता माझे पोट चांदीसारखे होई. पाण्यात बुडवताना मी चर्र करून ओरडे आणि चिमा टाळ्या वाजवी.

ही कल्हई नुसती शोभेची नसते बरे का. पितळ आणि आंबट यांचे वैर आहे. मध्ये कल्हईचा पडदा नसला, तर आंबट पदार्थ आमच्या अंगाला लागतो आणि आमचे अंग त्यात उतरते. पदार्थ कळकतो, हिरवट होतो आणि विषासारखा बाधतो. कोकणातल्या बाईला हे शिकवावे लागत नाही. सगुणाकडे आंबटासाठी एक काळी दगडी होती, दगडाचे जड भांडे. माशाचे कालवण, आमसुलाचे सार ती त्यातच करी. माझ्यावर वेळ आलीच तर आधी मला उजेडात नेऊन आत पाही.

आता आत्मारामांविषयी सांगते. ते वाईट मनुष्य नव्हते, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हांला त्यांचा राग येईल. त्यांना वर्षानुवर्षे पित्ताचा त्रास होता. जेवण झाले की छातीत जळजळ, पहाटे आंबट पाणी तोंडात, डोके दुखून उलटी. मी त्यांना भिंतीला कपाळ टेकून उभे राहिलेले पाहिले आहे. धोंडूअण्णा वैद्यांची औषधे झाली, चुना-साखर झाली, नवस झाले. शेवटी अठ्ठावीस सालच्या श्रावणात ते आगबोटीने मुंबईला गेले आणि तिथे कोणा निसर्गोपचारवाल्या गृहस्थाकडे एक महिना राहिले. त्याने त्यांचा चहा बंद केला, तळलेले बंद केले, तिखट बंद केले, रोज दोन मैल चालायला लावले. आत्माराम बरे झाले. खरोखर बरे झाले.

बरे होऊन आले ते एक पुस्तक घेऊन आले. कोणा जर्मन साहेबाच्या मतांवरून लिहिलेले. त्यात म्हटले होते की सगळ्या रोगांचे मूळ एकच, रक्तातले आम्ल. शरीरात आम्ल साठले की रोग, क्षार वाढले की आरोग्य. पुस्तकाबरोबर निळ्या कागदाच्या बारीक पट्ट्यांची एक डबीही होती. पट्टी आंबटाला लागली की तांबडी होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी सगुणाला जीभ बाहेर काढायला लावली आणि तिच्यावर एक पट्टी टेकवली.

"तांबूस झाली," ते म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर काळजीने भरला होता. "बघ. आम्ल आहे तुझ्यात."

"रात्री ताकभात खाल्ला होता मी," सगुणा म्हणाली.

"तेच म्हणतो."

त्या दिवसापासून घरातून आंबट गेले. आमसूल गेले, चिंच गेली, ताक गेले. माशाला आमसूल लागते म्हणून मासे गेले. लोणच्याच्या बरण्या आणि ती काळी दगडी शेजारच्या मालनकाकूंकडे पोचती झाली. "घरात राहिली की मोह होतो," ते म्हणाले. उकडलेली भाजी, दूध, नारळाचे पाणी, केळी आणि बिनमिठाची भाकरी, एवढे राहिले.

धोंडूअण्णा रोज संध्याकाळी ओटीवर येऊन बसत. त्यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

"आमसूलसुद्धा बंद? अरे, आमसूल पित्त शमवतं. तुझ्या आज्याला विचारलं असतंस."

"अण्णा, कागद तांबडा होतो आमसुलाने. डोळ्यांनी दिसतं."

"लिंबाने होतो की नाही?"

"होतो. पण लिंबू पोटात गेल्यावर क्षार होतं, असं पुस्तकात आहे."

"आणि आमसूल?"

आत्मारामांनी पुस्तक चाळले. "त्याचं दिलेलं नाही."

"कसं देणार? त्या साहेबाने रातांबा बघितलाय का जन्मात?" धोंडूअण्णा हसून हसून खोकले. "आणि काय रे, तांबडा झालेला तुझा कागद पुन्हा निळा कशाने होतो?"

"क्षाराने. राखेच्या पाण्याने सुद्धा होतो."

"मग चुलीतली राख खा सगळ्यांनी, औषधाचं माझं दुकान बंद करतो मी."

ओटीवर हशा झाला. आत सगुणाही तोंडाला पदर लावून हसली. तेव्हा हसण्यासारखेच होते. वाद रोज रंगे. एक म्हणे आम्ल, दुसरा म्हणे पित्त. एक म्हणे रक्त, दुसरा म्हणे दोष. दोघेही शहाणे होते आणि दोघांनाही सगुणाचे भले हवे होते. पण मित्रांनो, त्या साऱ्या दिवसांत त्या दोघांतला एकही मनुष्य उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आला नाही.

कार्तिकात बाबालाल आला. सगुणाने मला आणि दोन पातेली काढून ओटीच्या पायरीवर ठेवली होती. आत्माराम कचेरीला निघाले होते. ते म्हणाले, "या घरात आता आंबट होत नाही. कल्हई कशाला?"

"साहेब, अर्धी उडालीय बघा," बाबालाल मला तिरकी धरून म्हणाला.

"उडू दे. दुधाला नि उकडलेल्या भाजीला काही लागत नाही ती."

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. नुसत्या भाजीला खरेच काही होत नाही. सगुणाने मला परत आत नेले. चैत्रात बाबालाल पुन्हा आला, तेव्हा तर ती पायरीवर भांडी घेऊनच गेली नाही. दारातूनच "नको" म्हणाली.

त्या चैत्रात तिला सातवा महिना लागला होता.

पोटात मूल असताना बाईच्या जिभेला काय होते ते मी पितळेच्या जिवाने काय सांगावे? पण एवढे पाहिले की ती उकडलेला भोपळा समोर घेऊन बसे आणि घास फिरवत राही. पुढे वैशाख लागला. घरोघर अंगणात आमसुलांसाठी रातांबे फोडून साले वाळत घातलेली. तो वास वाऱ्यावर येई आणि सगुणा विहिरीवर घागर भरता भरता थांबे.

मालनकाकू तशा तोंडाच्या फटकळ. विहिरीच्या काठावरून म्हणाल्या, "काय गो सगुणे, तोंड बघ कसं झालंय. आठ महिने जिभेला आंबट नाही. पोटातलं पोर काय म्हणत असेल?"

"यांना आवडत नाही हो."

"तुझ्या घोवाला कुठे डोहाळे लागलेत? ये माझ्याकडे. तुझ्याच दगडीत सार करून घालते तुला."

"नको, काकू. दुसऱ्याच्या घरचं खाणार नाही असा शब्द दिलाय मी यांना."

"मग आपल्या घरचं खा," मालनकाकू म्हणाल्या. "आपल्या घरी खाणार नाही असा दिलायस काय शब्द?"

सगुणाने घागर काठावर टेकवली. मग म्हणाली, "तसा नाही मागितला त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्माराम कचेरीला गेल्यावर सहा वर्षांची चिमा मालनकाकूंकडून मूठभर नवी आमसुले परकराच्या ओच्यात लपवून घेऊन आली. दगडी मागून आणायचे सगुणाच्या मनात आले असावे. ती दारापर्यंत गेलीही. पण एवढे जड भांडे भर उजेडात आळीतून आणायचे म्हणजे चार जणी विचारणार. ती मागे फिरली. तिने मला उचलले आणि आत पाहिले.

मित्रांनो, हे सांगताना मला फार जड जाते. आमचे स्वयंपाकघर काळोखी. चूल धुमसत होती. माझ्या तळाला अजून थोडी पांढरी कल्हई उरली होती, बाजूंनी मात्र मी पुरती उघडी पडले होते. तिने तळ पाहिला, बाजू पाहिल्या नाहीत. तिला घाई होती आणि भूक होती. "एकदाच तर करायचंय," ती पुटपुटली, "उकळलं की लगेच काढीन."

आणि ती काढणारही होती. सार उकळले, गूळ पडला, जिऱ्याची फोडणी पडली. घरभर वास सुटला. चिमा चुलीपुढे उकिडवी बसून बघत होती. इतक्यात पायरीवर वहाणा वाजल्या. त्या दिवशी आगबोट लवकर येऊन लवकर गेली होती आणि कचेरी सुटली होती.

सगुणाने मला झाकण घालून लाकडांच्या ढिगामागे सरकवले आणि हळद-कांद्याची भाजी घाईघाईने चुलीवर टाकली, वास मोडावा म्हणून. आत्माराम ओटीवर वाचत बसले. दुपार झाली. ऊन कलले. ते उठेनात. मी लाकडांमागे काळोखात, पोटात ते आंबट घेऊन बसले होते. तासातासाने मी त्यात उतरत होते, हे मला कळत होते. मला हात नव्हते, पाय नव्हते. कोणी पायाने जरी ढकलले असते तरी मी कलंडून सगळे जमिनीला पाजले असते.

दिवेलागणीला आत्माराम वाचनालयात गेले. सगुणाने मला काढले आणि वाटीत सार ओतून घेतले. पहिला घोट घेतल्यावर ती जराशी थबकली. आठ महिन्यांत जीभ आंबटाची चव विसरली होती. तिला वाटले, आंबट असेच लागत असेल. ती दोन वाट्या प्यायली. डोळे मिटून प्यायली. चिमाला पळीभर दिले आणि म्हणाली, "बाबांना सांगू नको हं."

पुढचे मी लांबवत नाही. तासाभरात तिला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. मालनकाकू धावत आल्या. आत्मारामांच्या दृष्टीला पडू नये म्हणून त्यांनी मला, होते तशी, तळाशी साले चिकटलेली, माळ्यावर टाकून दिले. त्यांनी ते सगुणाच्या मायेनेच केले. दुसऱ्या दिवशी आठव्या महिन्यातच मुलगा झाला. मांजराच्या पिल्लासारखा रडत असे. मी वरून ऐकत होते. दहा दिवस ऐकला. अकराव्या दिवशी माळ्यावर काहीच ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे बारसे होते.

सगुणाने आपल्या तोंडाने नवऱ्याला सांगितले, "मी आमसुलाचं सार प्याले होते." आत्माराम तिच्यावर ओरडले नाहीत. ते कपाळाला हात लावून खाली बसले आणि हळूच म्हणाले, "मी तुला सांगत होतो ना, सगुणा?" मला वाटते, ओरडले असते तर तिला सोपे गेले असते.

सुतक फिटायच्या आत ओटीवर वाद पुन्हा उभा राहिला. आत्माराम म्हणाले, आम्लाने घात केला. धोंडूअण्णा म्हणाले, आठ महिने उपाशी ठेवलीस म्हणून अंगात सोसायची ताकद उरली नाही, त्यात पित्त खवळले. दोघांचे आवाज चढले, दोघांच्या डोळ्यांत पाणी होते. धोंडूअण्णा त्या दिवशी उठून गेले ते पुन्हा त्या ओटीवर आले नाहीत. मी माळ्यावर, त्यांच्या डोक्यावर चार हातांवर होते. माझ्या पोटात उत्तर हिरवे होऊन वाळत होते.

मग चार वर्षे गेली. आत्मारामांची मते अधिकच पक्की झाली. वाचनालयात त्यांनी आहारावर व्याख्यान दिले, तेव्हा म्हणाले, "दुसऱ्यांची कशाला, मी माझ्या घरातलंच उदाहरण देतो." दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका सगुणा आल्यावर बोलायच्या थांबल्या. कोणीतरी म्हणालेच, "जिभेपायी पोर घालवलं." तिने ते ऐकले आणि घागर भरून घरी आली. तिने पुन्हा आंबटाला बोट लावले नाही. नवऱ्याच्या धाकाने नव्हे, स्वतःला शिक्षा म्हणून. पाळणा पुन्हा हलला नाही. आणि चिमा, पूर्वी टाळ्या वाजवणारी, आमसुलाचे नाव काढले की उठून जाई.

परवा मालनकाकूंच्या भाचीचे लग्न ठरले. लग्नघरी भांडी हवीत म्हणून त्या मागायला आल्या आणि चैत्राच्या फेरीवर बाबालालही आला होता. सगुणा म्हणाली, "माझी एक तपेली होती, माहेरची. कुठे गेली कोण जाणे." मालनकाकूंचा चेहरा उतरला. त्यांनी बोटाने माळा दाखवला.

काल सकाळी चिमाने मला खाली काढले. सगुणाने आत पाहिलेसुद्धा नाही. जळमट पुसले आणि फणसाखाली नेऊन बाबालालपुढे ठेवले. आता बाबालालची दाढी पांढरी झाली आहे. त्याने मला उचलले, उजेडाकडे तोंड करून आत पाहिले आणि भात्यावरचा पाय काढून घेतला.

"ताई, यात आंबट कोणी केलं?"

सगुणा पुढे होऊन वाकली.

"हे बघा, काठापर्यंत हिरवं चढलंय. साल अजून चिकटलंय तळाला. हे नुसतं केलं नाही, दिवसभर ठेवलंय यात. कुणी खाल्लं तर नाही ना?"

"का? खाल्लं तर काय होतं?" चिमाने विचारले.

"अगं पोरी, गडी माणूस आडवा होतो याने. ओकून ओकून." मग तो सगुणाकडे वळून म्हणाला, "मी त्या साली दोनदा आलो होतो, ताई. अर्धी उडालीय म्हणून दाखवली पण होती. साहेब नको म्हणाले."

सगुणा तिथेच मातीत बसली. बाबालालने मला तापवायला घेतले तेव्हा तिने हात पुढे केला. "नको," म्हणाली, "ही अशीच असू द्या. बाकीची करा." आणि मला पोटाशी धरून आत घेऊन आली. चार वर्षांनी तिच्या हाताची ऊब मला मिळाली, पण ती ज्या कारणाने मिळाली त्याचा मला आनंद कसा व्हावा?

मित्रांनो, माझा मुलगा गेलेला नाही, तिचा गेला. तो कशाने गेला हे ठामपणे सांगणारी मी कोण? आठ महिन्यांचा अशक्तपणा होता, दिवस पुरे भरले नव्हते. पण त्या सारात मी उतरले होते, एवढे मला पक्के ठाऊक आहे. शहाणी माणसे अन्नावर भांडली. आंबट दोषी की पित्त दोषी, यावर पुस्तके उघडली, कागद तांबडे केले, मैत्री मोडली. अन्न ज्या भांड्यात शिजले ते कोणी उलटे करून पाहिले नाही. म्हणून मी तुमच्याजवळ एवढेच मागते. एखादी गोष्ट आपल्याला मानवली म्हणजे ती सगळ्या जगाला मानवेल असे धरून बसू नका. घरातली भांडी आतून पाहा, उजेडात नेऊन, तळ आणि बाजू दोन्ही. आणि घरातल्या माणसाला अशी बंधने घालू नका की ज्यापायी त्याला काळोखात, घाईने, लपून जेवावे लागेल.

आज दुपारी आत्माराम कचेरीतून यायचे आहेत. संध्याकाळी वाचनालयात त्यांचे पुन्हा व्याख्यान आहे. कालच त्यांनी टिपणे काढून ठेवली. चिमा मघापासून आईजवळ गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. सगुणाने सूप खाली ठेवले आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"आई," चिमा म्हणाली, "मला पण उलटी झाली होती तेव्हा. विहिरीमागे. मी कुणाला सांगितलं नाही."

सगुणाचा हात केसांतच थांबला.

"तू म्हणाली होतीस, बाबांना सांगू नको. म्हणून." तिने मान वर केली. "मला वाटायचं, मीच आणली ना आमसुलं. म्हणून बाळ गेलं."

"नाही गो बाय, नाही." सगुणाने तिला ओढून जवळ घेतले. "तुझं नाही. आमसुलाचंसुद्धा नाही." चिमाचे हुंदके हळूहळू थांबले. मुले लवकर हलकी होतात. मग तिने आईच्या पदराने नाक पुसले, माझ्या हिरव्या पोटाकडे पाहिले, ओटीवरच्या त्या टिपणांच्या कागदांकडे पाहिले आणि विचारले,

"मग आई, आता हे बाबांना कोण सांगणार?"